कूलर बंद, शेगडी सुरू

मराठवाड्यात विस्तवाभोवती बसून खायचं म्हटलं की आधी हुरडा आठवतो. थंडीचे दिवस, शेतातली आगटी, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ. त्यात आपल्याला कष्ट कसले? विस्तव सांभाळणारा जाणता माणूस शेतावर असतो, आपण फक्त तळहात पुढे करायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरातल्या आपल्या अंगणात बार्बेक्यू करायचा ठरवला, की तो जाणता माणूस आपल्यालाच व्हावं लागतं, आणि तेही पारा चाळिशीच्या वर असताना.

तरी करावा. पुण्या-मुंबईची भाचेमंडळी आलेली असतात, दिवसभर पडदे ओढून कूलरसमोर बसून मुलं कावलेली असतात, आणि मे महिन्यात दहा माणसांचा स्वयंपाक गॅसपुढे उभं राहून करणं काय असतं ते करणारीला विचारा. चूल बाहेर गेली की घर तापत नाही. आपल्या शहराला निसर्गाचीही थोडी साथ आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंची आणि कोरडी हवा, त्यामुळे सूर्य मावळला की अर्ध्या-पाऊण तासात उतार पडतो. मुंबईसारखा घाम रात्रभर अंगाला चिकटून राहत नाही. मेच्या मध्यावर सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सात ते साडेनऊ एवढाच आपला वेळ. इंग्रजी सिनेमात भर दुपारी हिरवळीवर मांस भाजताना दाखवतात, ते त्यांच्या उन्हाळ्याला शोभतं. आपल्याकडे दुपारी दोनला अंगणात विस्तव पेटवणाऱ्याला शेजारी आधी सावलीत बसवून कांदा हुंगायला देतील.

या अडीच तासांत यजमानाने जीव लावायचा तो निखाऱ्यात. पदार्थ चारच असले तरी कुणाचं बिघडत नाही, पण निखारा बिघडला तर बारा पदार्थांची तयारी फुकट जाते. म्हणून माणसं आठ ते दहाच बोलवा. घरगुती जाळीवर एका वेळी तीन-चार जणांपुरतंच भाजून होतं. वीस जण बोलावले, तर पहिले हात धुऊन बसलेले असतात तेव्हा शेवटचे रिकामी ताटली घेऊन उभे असतात. वार ठरवताना पाहुण्यांचे वार विचारून घ्या. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाची चतुर्थी. हे आधी कळलं की जाळीवर काय चढवायचं हेही निम्मं ठरून जातं.

जागा

सिडको-हडकोची रो-हाउसेस असोत, गारखेड्यातले जुने बंगले असोत की सातारा परिसरातली नवी घरं, मागच्या अंगणाला एक खिडकी असते आणि त्या खिडकीत कूलर बसवलेला असतो. बार्बेक्यूच्या कुठल्याही पुस्तकात हा कूलर सापडणार नाही, पण आपल्या शहरात पहिला विचार त्याचाच करावा लागतो. कूलर बाहेरची हवा खेचून गवताच्या पॅडमधून घरात सोडतो. शेगडी त्याच्या समोर आली, तर सगळा धूर तो इमानेइतबारे तुमच्या बैठकीत नेऊन ओततो. चरबीचा वास पडद्यांत आणि ओल्या पॅडमध्ये असा बसतो की पुढचे आठ दिवस कूलर लावला की कबाब. वासाचं एक वेळ सोसता येईल, पण जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि आत झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा तान्ह्या बाळाला तो कळतही नाही. तेव्हा अंगणाकडचा कूलर बंद, ती खिडकी बंद.

शेजाऱ्यांच्या कूलरचंही तेच. भिंतीला भिंत लागलेल्या वसाहतीत तुमचा धूर त्यांच्या घरात शिरायला क्षणही लागत नाही. आदल्या दिवशी जाऊन सांगा, "काकू, उद्या संध्याकाळी आमच्याकडे शेगडी आहे, ती विझेपर्यंत मागचा कूलर बंद ठेवाल का?" एवढ्याने बहुतेक ठिकाणी भागतं. घर शाकाहारी असेल तर कोळशावरचं कणीस आणि भरताची वाटी पोचवा. मांसाचा वासही ज्यांना चालत नाही असा शेजार असेल, तर सगळा बेत शाकाहारी करा. पुढे त्याची चांगली सोय दिली आहे, त्यात काही कमीपणा नाही.

वारा कुठून येतो ते आदल्या संध्याकाळी सातला उदबत्ती लावून पाहा. उन्हाळ्यात या भागात संध्याकाळचा वारा बहुतेक पश्चिमेकडचा असतो, पण दोन इमारतींच्या बोळात तो स्वतःचं वेगळंच चालवतो. धूर जिकडे जाईल तिकडे खुर्च्या नकोत.

यानंतर मान वर करून बघा. मे महिन्यात निम्म्या अंगणांवर हिरवी जाळी ताणलेली असते. ती प्लास्टिकची. तिच्याखाली विस्तव पेटवायचा नाही. "उंच आहे, काही होत नाही" असं म्हणणारा एक मेव्हणा प्रत्येक घरात असतो, त्याच्याकडूनच ती सोडवून गुंडाळून घ्या. कडुनिंबाचा वाळलेला पाचोळा झाडून काढा, वाळत घातलेले कपडे उचला. भिंत, लाकडी दार, गॅसचं सिलिंडर, उभ्या गाड्या यांपासून निदान दहा फूट अंतर राहू द्या.

शेगडी थेट शहाबादी फरशीवर ठेवू नका. दिवसभर तापलेल्या फरशीला खालून-वरून आच लागली की ती तडकते. खाली दोन-तीन इंच वाळू किंवा माती पसरा, तिच्यावर विटा. गच्चीवर करायचं असेल तर हे दुप्पट पाळा, कारण गच्चीला वॉटरप्रूफिंग असतं आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या टाक्या. अपार्टमेंटची गच्ची असेल तर सेक्रेटरीला विचारल्याशिवाय काडी ओढू नका.

चूल, जाळी आणि कोळसा

विकतचा बार्बेक्यू असलाच पाहिजे असं नाही. पक्क्या भाजलेल्या विटांच्या दोन ओळी समोरासमोर रचा, एकीवर एक अशा तीन थरांच्या. मधे लोखंडी घमेलं किंवा जाड पत्रा, त्यावर कोळसा, आणि विटांवर जाळी. खालच्या थरात दोन-तीन फटी वाऱ्यासाठी मोकळ्या सोडा. विटांऐवजी नदीतले गोटे आणायचा मोह टाळा, त्यांच्या आत ओल असते आणि तापल्यावर ते फुटून उडतात.

जाळी साध्या लोखंडाची किंवा स्टीलची हवी. आपल्याकडे घरोघरी जुन्या कूलरचा सांगाडा माळ्यावर पडलेला असतो आणि त्याची जाळी मापात बसेल असं वाटतं. ती जस्ताचा मुलामा दिलेली असते, आणि कोळशाच्या उष्णतेने जस्ताचा धूर निघतो तो विषारी. फ्रिजच्या रॅकचंही तेच, त्यांच्यावरही कसले ना कसले लेप असतात. लोहाराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड फूट बाय एक फुटाची साधी जाळी करून घ्या, जन्मभर टिकेल. सीख कबाब करायचे असतील तर त्याच फेरीत चपट्या सळयाही घ्या. गोल सळईवर खिमा गरागरा फिरतो. आपण सळई उलटतो आणि कबाब जागचा हलत नाही.

वखारीत कोळसा मागताना लाकडी कोळसा, शक्यतो बाभळीचा, असं स्पष्ट सांगा. बाभळीचा कोळसा टणक असतो आणि आच धरून ठेवतो. दगडी कोळसा अन्नाखाली कधीही वापरू नये, त्याच्या धुरात गंधक असतो. दहा माणसांना तीन किलो पुरतात. पोत्याच्या तळाचा भुगा घेऊ नका, तो फटी बुजवतो आणि विस्तव गुदमरतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत वाजला तर कोळसा वाळलेला. बद्द वाजला तर त्यात ओल आहे.

पेटवायला रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यांतलं काहीही नको. वास अन्नाला लागतो हे एक, आणि अर्धवट पेटलेल्या कोळशावर वरून ओतलं तर ज्वाळा धारेवाटे हातापर्यंत येते. पंधरा लिटर तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा घ्या, वरचं आणि खालचं झाकण कापून काढा, बुडाशी चहूबाजूंनी भोकं पाडा आणि वर जाड तारेची कडी लावा. पहिल्यांदा तो रिकामाच विस्तवावर धरून त्याचा रंग आणि तेलकटपणा जाळून टाका. मग दोन विटांवर उभा करून तळाशी चुरगळलेला कागद, गोवरीचे तुकडे आणि दोन कापराच्या वड्या, वर दीड-दोन किलो कोळसा. काडी खालून लावा. हवा खालून खेचली जाते आणि वीस-पंचवीस मिनिटांत वरचे कोळसेही पेटतात. फुंकणी नको, डोळ्यांतून पाणी नको. जाड हातमोजे घालून डबा उचला, कोळसे घमेल्यात ओता.

आता येतो धीराचा भाग, आणि बहुतेकांचा बार्बेक्यू इथेच बिघडतो. कोळशावर ज्वाळा नाचायला लागल्या की मुलं टाळ्या वाजवतात आणि कुणीतरी कोंबडी चढवतो. ज्वाळेवर बाहेरून काळं होतं, आत कच्चं राहतं. ज्वाळा बसून कोळशावर राखाडी साय धरेपर्यंत थांबा. अंधारात बघितलं तर साईखालून केशरी रंग दिसतो. मग जाळीच्या वर चार-पाच बोटांवर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर आच कडक, चार-पाच सेकंद धरवला तर मध्यम, सहा-आठ सेकंद धरवला तर मंद. वांगी, कणसं आणि पनीर कडक आचेवर, सीख कबाब मध्यम-कडकवर, हाडासकट कोंबडी मध्यमवर.

सगळे कोळसे सारखे पसरू नका. घमेल्याच्या दोन भागांत ढीग करा आणि तिसरा भाग रिकामा ठेवा. चरबी ठिबकून भडका उडाला की पदार्थ रिकाम्या बाजूला सरकवायचा. भडका आपोआप बसतो. त्यावर पाणी मारलं तर राख उडून कबाबांवर बसते. तासाभराने कोळसे कमी पडतील, पण कच्चा कोळसा थेट निखाऱ्यांत टाकला तर दहा मिनिटं नुसता धूर. पुढचा किलोभर आधीच डब्यात पेटवून ठेवा आणि तयार निखारा वाढवा.

म्हणजे वेळेचा हिशेब असा: सव्वासहाला सावलीच्या बाजूला डबा पेटवायचा, सातला निखारा तयार, सव्वासातला पहिली भाजी जाळीवर. पाहुण्यांना सातचं बोलावलं की ते साडेसातला येतात, तेही हिशेबात बसतं.

जाळीवर काय

एकच जाळी असेल तर शाकाहारी आधी, मांसाहारी नंतर. चिमटे आणि ताटल्या वेगळ्या. पूर्ण शाकाहारी पाहुणे असतील तर त्यांच्यासाठी वेगळी छोटी शेगडी मांडा. आधी भाजलं की झालं, असं आपल्याला वाटतं. त्यांना विचारून बघा. मुस्लिम मित्र येणार असतील तर मटण-चिकन हलालचंच आणा. या शहरात त्याला कुठे लांब जावं लागत नाही.

वांग्यापासून सुरुवात करा. भरताची मोठी, हलकी वांगी घ्या. जळगावची हिरवी वांगी मिळाली तर सोडू नका, त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. काट्याने टोचून, तेलाचा हात फिरवून वांगं जाळीवर न ठेवता थेट निखाऱ्यांच्या कडेला टेकवा. पंधरा-वीस मिनिटांत साल कोळपतं, देठाजवळ दाबलं की बोट आत जातं. त्याच निखाऱ्यात हिरव्या मिरच्या, लसणाचा अख्खा गड्डा आणि सालासकट कांदे सरकवा. वांगं सोलून, मिरच्या-लसूण दगडी खलात जाडसर कुटून, भाजलेले शेंगदाणे आणि कांद्याची पात घातली की भरीत झालं. शेजारी एखादी आजी भाकरी थापायला बसली तर तव्यावरून काढलेली ज्वारीची भाकरी निखाऱ्यासमोर उभी धरून फुगवून घ्या. गॅसच्या ज्योतीवर ती चव येत नाही, हे गॅस विकणारासुद्धा कबूल करेल.

पनीरचे फासे करून सळईत ओवले की ते तुटून विस्तवात पडतात. बोटभर जाडीचे मोठे काप करा, दह्याच्या मसाल्यात अर्धा तास ठेवा, जाळीला तेल लावून एका बाजूला दोन-तीन मिनिटंच भाजा. जास्त भाजलेलं पनीर रबरासारखं लागतं. आपल्या जिल्ह्यात कन्नड-सिल्लोडकडे मक्याचं पीक मोठं आहे. बाजारात उन्हाळी कोवळी कणसं दिसली तर पानांसकट दहा मिनिटं भाजून मग सोलून पुन्हा दोन मिनिटं निखाऱ्यावर फिरवा. दाणा आतून वाफलेला राहतो. ज्यांना वेळ आहे त्यांनी गोवऱ्यांच्या आरात बट्ट्या लावाव्यात, पण त्यासाठी वेगळा आर हवा आणि पाऊण तासाची सवड.

आता सीख कबाब. हा या शहराच्या जुन्या वस्तीचा पदार्थ, शहागंज-सिटी चौकाच्या बाजूला संध्याकाळी धुराच्या मागे गेलात तर सापडतो. घरी करायला अवघड नाही, फक्त आळस चालत नाही. किलोभर मटणाचा खिमा दोनदा काढून आणा आणि खाटिकाला दीडशे-दोनशे ग्रॅम चरबी त्यातच घालायला सांगा. चरबीशिवायचा खिमा कोरडा पडून सळईवरून निसटतो. दोन कांदे किसून फडक्यात घट्ट पिळा, इतके की शेवटचा थेंबही निघायला नको; कबाब गळून पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे कांद्याचं पाणी. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं, गरम मसाला आणि अडीच चहाचे चमचे मीठ. बांधायला दोन मोठे चमचे डाळ्याचं पीठ. घरात येसर असेल तर डाळ्याऐवजी येसर घालून बघा. त्यात भाजलेलं धान्य-डाळ असतं आणि मसालाही, त्यामुळे बांधणी आणि चव दोन्ही साधतात, आणि कबाबाला लखनौचा न वाटता मराठवाड्याचा वास येतो.

मग मळायचं. परातीत तळहाताच्या बुडाने दाबत, दुमडत, आठ-दहा मिनिटं. सुरुवातीला दाणेदार असलेला खिमा हळूहळू चिकट होतो, हाताला तार धरतो. मूठभर घेऊन हात उलटा केला आणि गोळा पडला नाही, की झालं. दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. लावताना हात पाण्यात बुडवून, लिंबाएवढा गोळा सळईवर दाबत अंगठ्याएवढ्या जाडीचा थर पसरवा आणि दोन्ही टोकं चिमटीने निमुळती करा. या सळया जाळीवर ठेवायच्या नाहीत. जाळी काढून घ्या आणि सळया दोन बाजूंच्या विटांवर टेकवा, म्हणजे खिमा निखाऱ्यावर अधांतरी राहतो आणि जाळीला चिकटून सालपट निघत नाही. पहिली दोन मिनिटं हात लावू नका. खालची बाजू घट्ट झाली की पाव-पाव वळण देत आठ-दहा मिनिटं. शेवटी तुपाचा हात.

कोंबडीला हाडासकट तंगड्या घ्या. सीना उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत लवकर सुकतो. हाडापर्यंत चिरे पाडून आधी मीठ, लिंबू, आलं-लसूण लावा, अर्ध्या तासाने चक्का, लाल तिखट, हळद, मसाला आणि शेंगदाण्याचं तेल. चार-सहा तास पुरे, पण ते फ्रिजमध्ये. मध्यम आचेवर तीस-पस्तीस मिनिटं लागतात, म्हणून सीख कबाब खाणं चालू असतानाच ती जाळीवर चढवा. कच्च्या कोंबडीला लावलेला मसाला वरून लावायला पुन्हा वापरू नका, त्यासाठी आधीच वाटीभर वेगळा काढून ठेवा.

सोबत भात-पोळी करत बसू नका. जुन्या शहरातल्या भट्ट्यांवरचे मोठे, पिवळसर नान आणा आणि जाळीच्या थंड बाजूला शेका. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा फौजेच्या भटारखान्यातून नान-खलिया इथे आला असं सांगतात. खरं-खोटं इतिहासवाले बघतील. कबाब गुंडाळायला त्या नानाइतकं सोयीचं दुसरं काही नाही. कांद्याच्या चकत्या, लिंबू, पुदिन्याची चटणी, काकडी. प्यायला ताक आणि पन्हं. आंब्याचं म्हणाल तर मराठवाड्याच्या केशरला विस्तव दाखवू नका, थंड पाण्यात भिजवलेला तसाच कापून द्या.

तापमान आणि पाणी

उन्हाळ्यात अन्न बाहेर किती वेळ टिकतं याबद्दल आपण फार विश्वासाने वागतो. शिजवलेलं किंवा कच्चं मांस, पनीर, दह्याचे मसाले साधारण हवेत दोन तासांपर्यंत चालतात. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मेच्या संध्याकाळी साडेसातलाही आपण त्या ३२च्या वरच असतो. तेव्हा सगळा कच्चा माल फ्रिजमध्ये, आणि जाळीवर मावेल तेवढाच बाहेर. फ्रिज भरला तर थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून ठेवा. शक्य असेल तर अन्नात खुपसायचा थर्मामीटर घ्या: कोंबडी हाडाजवळ ७४ अंश, खिमा मधोमध ७१ अंश. थर्मामीटर नसेल तर जाड भाग चिरून बघा. गुलाबी दिसला तर परत जाळीवर.

पाण्याचं तर सांगायलाच नको. जायकवाडीचं धरण शहरापासून जवळ असलं तरी नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि पाहुणे नेमके कोरड्या दिवशी येतात. पळसाच्या पत्रावळ्या आणि द्रोण वापरा, भांड्यांचं पाणी वाचेल. जाळी मात्र गरम असतानाच अर्ध्या कांद्याने घासली की निम्मी साफ होते.

शेगडीजवळ वाळूची एक बादली आणि पाण्याची एक बादली ठेवाच. ही दुसरी बादली दुपारीच भरून सावलीत ठेवा. मे महिन्यात संध्याकाळी टाकीतून येणारं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, आणि हात भाजलेल्याला ते काय उपयोगाचं? भाजलं तर साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, लोट्याने ओतत राहिलं तरी चालेल. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर असेल तर सरळ दवाखाना.

विस्तवाभोवती चुन्याची किंवा रांगोळीची गोल रेघ ओढा, पाच-सहा फुटांवरून. रेघेच्या आत फक्त भाजणारा आणि त्याचा एक मदतनीस. मुलांना "जाऊ नका" सांगून उपयोग नसतो, पण रेघ त्यांना कळते, आणि मोठा कुणी आत आला की आरडाओरडा करायचं काम ती आनंदाने करतात. भाजणाऱ्याने सुती कपडे घालावेत. ओढणी, पदर खोचून घ्यावा, सिंथेटिक कापड अंगावर वितळतं.

मेच्या उत्तरार्धात बेत असेल तर दुपारी चारनंतर आभाळाकडे लक्ष ठेवा. वळवाचा पाऊस आधी वावटळ पाठवतो, धुळीचा लोट आणि सोबत ठिणग्या. वारा उठला की निखाऱ्यांवर वाळू ओता आणि उरलेलं आत तव्यावर भाजा. पेटलेली शेगडी पोर्चमध्ये, जिन्याखाली किंवा बंद पत्र्याखाली ओढायची नाही, पाऊस कितीही कोसळला तरी. धुमसणारा कोळसा आत नेणं जिवावर बेततं.

शेवटचा निखारा

जेवणं झाल्यावर पाणी ओतून विस्तव विझवायची घाई करू नका. गरम विटा आणि फरशी त्यानेच तडकते, आणि अजून कामाचे निखारे वाया जातात. चार-सहा कच्च्या कैऱ्या राखेत पुरा, अर्ध्या-पाऊण तासात मऊ होतात. गर काढून फ्रिजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशीचं पन्हं झालं, आणि भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला उकडलेल्या कैरीचं पन्हं वासाला हरतं. मग झाकण किंवा परात पालथी घालून हवा बंद करा. विझलेले मोठे कोळसे पुढच्या वेळी चालतात.

राख रात्री कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. वरून थंडगार वाटणाऱ्या राखेच्या पोटात निखारा चोवीस तासही जिवंत राहतो, आणि प्लास्टिकचा डबा पेटायला तेवढा पुरतो. पत्र्याच्या डब्यात झाकून चोवीस तासांहून जास्त तशीच राहू द्या. नंतर ती झाडांना घालायचा सल्ला सगळे देतात, पण आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी आणि लाकडाची राखही तशीच. मुळाशी घमेलंभर ओतलीत तर झाड पिवळं पडेल. मूठभर कंपोस्टमध्ये मिसळा, उरलेली चाळून जाळी आणि पातेल्यांची बुडं घासायला ठेवा. चरबीचा थर त्या राखेने चांगला निघतो, आणि पाणीही कमी लागतं.